भारतीय मोटारउद्योगाची पहिली पंचवीस वर्षे: जुळणीपासून उत्पादनापर्यंत

चाकोरी (धागाकर्ता)

भारतात तयार झालेली पहिली मोटार कोणती, हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि दर वेळी ॲम्बेसेडर आधीची की फियाट, या वादात अडकून पडतो. मोटार ही हजारो सुट्या भागांची वस्तू आहे. पहिली गाडी फाटकातून कोणत्या तारखेला बाहेर पडली, यावरून फारसे काही कळत नाही. तिच्यातले किती भाग इथे ओतले, घडवले आणि कातले गेले, आणि ते इथेच झाले पाहिजेत असा हट्ट कोणी धरला, हे पाहिले की या उद्योगाचा आरंभ कुठे आहे ते दिसू लागते. माझ्या मते तो १९३४ ते १९५६ या काळात पसरलेला आहे आणि त्यातला मोठा भाग मुंबईत घडलेला आहे. त्याविषयी सविस्तर लिहितो; जाणकारांनी भर घालावी, मतभेद असतील तर तेही मांडावेत.

आधी पार्श्वभूमी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. फोर्डने १९२६ मध्ये भारतासाठी वेगळी कंपनी स्थापन केली होती आणि पुढे मद्रास, मुंबई व कलकत्ता या बंदरांच्या शहरांत तिची जुळणी चालू झाली. सुटे भाग लाकडी खोक्यांतून येत. उभ्या मोटारीपेक्षा खोक्यांना बोटीत जागा कमी लागत असल्यामुळे भाडे वाचे, आणि जुळणीला इथले मजूर स्वस्तात मिळत. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, दाबून आकार दिलेले पत्रे, हे सगळे समुद्रापलीकडून येई. गाडी मुंबईत उभी राहत असे, पण ती बनवण्याचे ज्ञान मात्र इथे येत नसे. व्यापार म्हणून त्यात काही गैर नव्हते. परंतु या पद्धतीने पन्नास वर्षे काम केले असते तरी देशात मोटारउद्योग उभा राहिला नसता, हे ज्याने सर्वांत आधी स्पष्टपणे ओळखले तो माणूस मोटारींच्या धंद्यातला नव्हताच.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना आपण धरणांमुळे ओळखतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात धुळे, नाशिक, पुणे अशी नोकरी केलेला हा अभियंता म्हैसूरच्या दिवाणपदावरून १९१८ साली निवृत्त झाला. त्यानंतर त्यांनी आपले सारे लक्ष उद्योगीकरणाकडे वळवले. १९३४ च्या सुमारास त्यांनी मोटारनिर्मितीचा विषय हाती घेतला. १९३५ साली, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, ते युरोप आणि अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून आले आणि परत आल्यावर मुंबईत कारखाना काढण्याची योजना त्यांनी आकडेमोडीसह तयार केली. सरकारने थोडे पाठबळ दिल्याशिवाय भांडवलदार पुढे येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, तेव्हा कंपनीच्या भांडवलावर काही वर्षे व्याजाची हमी देण्यास ते तयार झाले. परंतु आयातकर, परकीय चलन आणि यंत्रांची आयात हे विषय दिल्लीच्या हातात होते आणि दिल्लीची इच्छा नव्हती. १९३९ च्या अखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हमीचा विषयही तिथेच थांबला.

या योजनेला उद्योगपती लाभला तो सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे, १९१९ सालची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने, हे सगळे त्यांच्या मागे होते. परदेशी कंपन्यांनी अडवलेल्या क्षेत्रात शिरायचे आणि टिकायचे, हा त्यांचा स्वभाव सिंदियाच्या काळातच दिसून आला होता. १९३९ साली ते अमेरिकेला गेले. फोर्डकडून त्यांना नकार मिळाला. त्या कंपनीच्या रचनेत भारताची बाजारपेठ कॅनडातील फोर्डच्या अखत्यारीत होती आणि भारतीय मालकीच्या कंपनीला तंत्रज्ञान देण्याची त्यांना गरज वाटली नाही. क्रायस्लरशी मात्र बोलणी जमली आणि १९४० साली करार झाला. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल हा कारखाना बंगळुरात यावा म्हणून उत्सुक होते. यंत्रे आणण्यासाठी डॉलर आणि जहाजात जागा हवी, त्यासाठी कारखाना युद्धोपयोगी ठरवला जावा, एवढीच मागणी होती. सरकारने ती मान्य केली नाही.

याच प्रवासातली एक घटना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. पॅसिफिकवरून परतताना वालचंदांची पॅन ॲमच्या विमानात विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून बंगळुरात विमानांचा कारखाना काढण्याची कल्पना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापनही झाली. तेच वालचंद, तेच म्हैसूर संस्थान, तेच महायुद्ध. विमान इथे दुरुस्त व्हावे, जुळवले जावे, ही सैन्याची निकड होती, म्हणून परवानगी मिळाली. ट्रक आणि मोटारी मात्र खोक्यांतून येतच होत्या. देशात कारागीर नाहीत, कच्चा माल नाही, हे कारण दिले जाई. विमानाच्या कारखान्याने ते कारण किती पोकळ होते हे दाखवून दिले.

युद्ध संपत आले तेव्हा दोन कंपन्या कागदावर तयार होत्या. बिर्ला घराण्याने १९४२ साली हिंदुस्तान मोटर्स स्थापन केली होती. तिची सुरुवात ओखा बंदरात झाली आणि १९४८ पासून ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ सालची. तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला आणि १९४७ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या क्रायस्लरच्या मोटारी, डॉज व फार्गो हे ट्रक. त्या अजून जुळणीच्याच गाड्या होत्या. विश्वेश्वरय्यांच्या योजनेला तोवर एक तप उलटून गेले होते.

निर्णायक पावले त्यानंतरच्या सात वर्षांत पडली. १९४८ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावात मोटार आणि ट्रॅक्टर हे उद्योग केंद्राच्या नियोजनाखाली घेतले गेले. १९४९ मध्ये पूर्ण बांधलेल्या मोटारींची आयात बंद झाली. पुढे देशी उद्योगांना द्यायच्या संरक्षणाविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या टॅरिफ कमिशनने १९५३ च्या अहवालात सर्वांत महत्त्वाची शिफारस केली: ज्या कंपन्यांकडे क्रमाक्रमाने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच काम करू द्यावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथे उत्पादनात भांडवल घालण्याची तयारी दाखवली नाही आणि १९५४ च्या सुमारास दोघांनीही कारभार आवरला. शिवडीच्या कारखान्याने पंचवीस वर्षे मुंबईत काम केले होते. तो बंद होणे ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती, आणि तरीही तो निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे.

प्रीमियरने याच सुमारास मोठ्या अमेरिकी मोटारींबरोबर फियाटची वाट धरली. आधी छोटी फियाट ५००, आणि १९५४ पासून १०८९ सीसीची फियाट ११००, जिला मुंबईत आजही जुनी माणसे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखतात. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले, म्हणजे आजच्या उलट उघडणारे. त्याच कुळातून पुढे १९६४ ची डिलाईट, मग प्रेसिडेंट आणि पद्मिनी झाली. उत्तरपाड्यात मॉरिसच्या नमुन्यांवरून हिंदुस्तान टेन, फोर्टीन, लँडमास्टर आणि १९५७-५८ मध्ये ॲम्बेसेडर आली. गाड्यांची ही नावे सर्वांनाच ठाऊक आहेत. त्यांच्या आत काय बदलत होते, याविषयी इथे लिहिले जावे अशी माझी इच्छा आहे.

*

शिवडी बंदर

उत्तम लेख. एका मुद्द्यावर मात्र मी वेगळे मत मांडतो. जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी ज्ञान दिले नाही, हे विधान कारखान्याच्या भिंतींच्या आत खरे आहे. भिंतींच्या बाहेर ते तितकेसे लागू पडत नाही. शिवडीतून निघालेल्या शेवरोलेट ट्रकची चासी, म्हणजे बॉडीशिवायचा सांगाडा, विकली जाई आणि तिच्यावरची लाकडी बॉडी गावोगावचे सुतार बांधत. विक्री करणाऱ्या एजंटांना सुट्या भागांचा साठा ठेवावा लागे, दुरुस्तीचे कारखाने चालवावे लागत, मेकॅनिक तयार करावे लागत. मद्रासच्या टीव्हीएस घराण्याचेच पाहा. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार हे मदुरेला बस वाहतुकीतून पुढे आले आणि जनरल मोटर्सचे मोठे विक्रेते झाले. साठीच्या दशकात त्याच घराण्याने व्हील्स इंडिया, ब्रेक्स इंडिया, सुंदरम क्लेटन, लुकास-टीव्हीएस असे सुट्या भागांचे कारखाने एकापाठोपाठ उभारले. कोणता भाग लवकर झिजतो, गिऱ्हाईक कशासाठी तक्रार घेऊन येते, भारतातल्या रस्त्यावर ब्रेकचे काय होते, हे ज्ञान विक्रीच्या आणि दुरुस्तीच्या काउंटरवर तीस वर्षे साठत गेले होते. ते जुळणीच्या काळाचेच देणे आहे.

*

टूलरूम

माझे वडील मुंबईच्या उपनगरातील एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात होते. त्यामुळे 'आत काय बदलत होते' या धागाकर्त्यांच्या प्रश्नावर थोडे लिहितो.

मोटारीचा दरवाजा किंवा मडगार्ड पत्र्यातून दाबून काढायचे, तर पोलादी किंवा बिडाची डाय लागते, खालचा साचा आणि वरचा पंच. ती डाय नुसती यंत्रावर कातून काम भागत नाही. यंत्रावरचे काम झाले की फिटर एका पृष्ठभागावर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर हाताने पसरतो, दोन्ही भाग एकमेकांवर आणून उचलतो आणि निळे डाग कुठे उठले ते पाहतो. जिथे डाग, तिथे उंचवटा. मग तो उंचवटा ग्राइंडरने, पुढे हातपत्थराने घासायचा, पुन्हा निळा लावायचा, पुन्हा बसवायचा. डाग सगळीकडे सारखे पसरलेले दिसेपर्यंत हे चालते. एका मोठ्या डायला कित्येक आठवडे जात. वडील बोटांच्या टोकांनी पृष्ठभाग चाचपून उंचवटा सांगत, आणि शिकाऊ मुलांनी हातमोजे घातलेले त्यांना चालत नसे.

हे हस्तकौशल्य खोक्यांतून येत नाही, पुस्तकातूनही येत नाही. जुळणीच्या कारखान्यात त्याची गरजच पडत नाही, कारण पत्रा आधीच दाबून आलेला असतो. टॅरिफ कमिशनने उत्पादनाचा कार्यक्रम सक्तीचा केला, तेव्हा कंपन्यांना प्रथमच मोठ्या संख्येने टूलमेकर, पॅटर्न बनवणारे सुतार आणि ओतकामाचे मोल्डर लागू लागले. ते तयार व्हायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणून पन्नाशीच्या दशकात स्वदेशी भागांचे प्रमाण हळू वाढले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यात स्वतःचा ओतशाळा विभाग, फोर्ज आणि प्रेसशॉप असे सगळे एका कुंपणात होते, त्याचेही कारण हेच: बाहेर विकत घ्यावे असे कोणी बनवतच नव्हते.

*

अर्थकारण

शिवडी बंदर आणि टूलरूम यांचे प्रतिसाद फार मोलाचे आहेत. पण धागाकर्त्यांनी १९५३ च्या निर्णयाला दिलेली निःशंक मान्यता मला पटत नाही. परदेशी जुळणीकारांना बाहेर काढल्यावर सरकारने आपल्या कंपन्यांना स्पर्धा उरूच दिली नाही. हिंदुस्तान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्याच तीन कंपन्या मोटारी बनवणार आणि त्याही परवान्यात ठरलेल्या संख्येने. परिणाम आपण सर्वांनी पाहिला. मोटारीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, १९५९ पासून वाटपावर नियंत्रण, १९६९ मध्ये किमतींवरही वैधानिक नियंत्रण आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले खटले. मॉरिस ऑक्सफर्डच्या मूळ आराखड्यावरची ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली. ग्राहकाने या संरक्षणाची किंमत तीस वर्षे मोजली.

जपानशी तुलना करावी. निस्सानने १९५२ साली ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला, म्हणजे आपल्यासारखीच परक्या मोटारीची जुळणी सुरू केली. काही वर्षांतच ऑस्टिनचे सगळे भाग जपानमध्ये बनू लागले आणि दशक संपण्याच्या आत निस्सान स्वतःच्या आराखड्याच्या मोटारी निर्यात करू लागली. हिनोने रेनॉशी, इसुझूने हिलमनशी १९५३ मध्ये असेच करार केले. त्याच सुमारास फियाटशी आणि मॉरिसशी करार करणाऱ्या आपल्या कंपन्या तिथे का पोचू शकल्या नाहीत?

*

चाकोरी (धागाकर्ता)

अर्थकारण, तुम्ही जपानचे उदाहरण काढले याचा मला आनंद झाला, कारण तेच उदाहरण आणखी पंधरा-वीस वर्षे मागे नेले तर चित्र बदलते.

फोर्डने १९२५ मध्ये योकोहामाला आणि जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाकाला जुळणीचे कारखाने काढले होते. म्हणजे जपानची सुरुवात मुंबईसारखीच, त्याच दोन कंपन्यांच्या खोक्यांनी झाली. १९३६ साली जपानी सरकारने मोटारनिर्मितीचा कायदा केला, देशी कंपन्यांना परवाने दिले, परदेशी कारखान्यांच्या वाढीला मर्यादा घातली आणि १९३९ पर्यंत फोर्ड व जनरल मोटर्स यांना तिथले काम थांबवावे लागले. टोयोटा आणि निस्सान यांनी युद्धाच्या आधी आणि युद्धकाळात हजारो ट्रक बनवले. ते ट्रक कसे होते हा वेगळा विषय; पण टूलरूम यांनी वर्णन केलेले फिटर, मोल्डर आणि पॅटर्नमेकर १९४५ साली जपानमध्ये एका पिढीच्या अनुभवासह उपलब्ध होते. त्यामुळे १९५२ मध्ये ऑस्टिनचा आराखडा हाती आला तेव्हा तो पचवण्याची ताकद त्यांच्यात होती.

आता १९३६ हे वर्ष पुन्हा पाहा. विश्वेश्वरय्यांची योजना त्याच सुमारास मुंबईत तयार होती. अभियंता होता, उद्योगपती पुढे येत होता, प्रांतिक सरकार हमी द्यायला तयार झाले होते. जपानने जे पाऊल १९३६ ला टाकले ते आपण १९४९ ते १९५३ मध्ये टाकले, आणि मधल्या काळात इथले कारागीर घडलेच नाहीत. हा उशीर परकीय राज्यकर्त्यांनी लादलेला होता, एवढे तरी नोंदवले पाहिजे.

साठीनंतरच्या साचलेपणाबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र मी स्वीकारतो. १९५३ चा निर्णय योग्य होता, म्हणून १९६९ चे किंमत-नियंत्रण योग्य ठरत नाही. मला ते दोन वेगळे निर्णय वाटतात. पहिल्याने कारखान्यांना भाग बनवायला भाग पाडले. दुसऱ्याने त्यांच्या हातात नवी डाय करण्यापुरता पैसा उरू दिला नाही.

*

टूलरूम

धागाकर्त्यांच्या शेवटच्या वाक्याला थोडी पुस्ती जोडतो. डाय बनवण्याचा खर्च गाड्यांच्या संख्येवर वाटला जातो. एका आराखड्याच्या लाखभर गाड्या वर्षाला निघत असतील, तर तीन-चार वर्षांत डायचा खर्च वसूल होतो आणि कारखाना नवा आराखडा काढू शकतो. आपल्याकडे त्या काळात एकेका कंपनीच्या गाड्या वर्षाला काही हजारांत असत. तीच डाय पंधरा-वीस वर्षे वापरणे, झिजली की वेल्डिंगने भर घालून पुन्हा घासणे, हाच मार्ग उरत होता. ॲम्बेसेडर आणि फियाट यांचे बाह्यरूप का बदलत नसे, याचा निम्मा खुलासा यात आहे. बाजारपेठच लहान होती आणि तीही अनेकांत वाटलेली होती.

*

दक्षिणवारी

मद्रासचा भाग थोडक्यात. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया १९४८ सालची; व्हॅनगार्ड, स्टँडर्ड एट, टेन, पेनंट आणि १९६१ पासून हेरल्ड. १९४८ चीच दुसरी कंपनी अशोक मोटर्स. रघुनंदन सरन या पंजाबी उद्योजकाने ती एन्नोरला काढली आणि ऑस्टिन ए-४० मोटारींची जुळणी सुरू केली. ती मोटारीतच राहिली असती तर कदाचित चौथी मोटार कंपनी म्हणून तिची कोंडी झाली असती. सरन यांचे विमान अपघातात निधन झाल्यानंतर कंपनी ब्रिटनच्या लेलँड मोटर्सकडे वळली, १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि ट्रक-बसगाड्यांत स्थिरावली. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रकच निवडला. मोटारींपेक्षा ट्रकना देशात खरी मागणी होती, आणि ज्यांनी हे ओळखले त्यांच्या कंपन्या आज उभ्या आहेत. मुंबईचे नाव फक्त कुर्ल्यापुरते घेतले जाते. भांडुपची ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाही १९४९ ची, पण तिची ओळख पुढे लँब्रेटा स्कूटरमुळे राहिली.

*

पंचगंगाकाठ

या चर्चेत इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांचे नाव आले नाही, म्हणून लिहितो. कोणत्याही परदेशी कंपनीच्या आराखड्याशिवाय, स्वतःच्या कल्पनेतून लहान मोटार बनवण्याचा ध्यास या गृहस्थांनी घेतला होता. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसताना त्यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरीपर्यंत 'मीरा' या गाडीचे एकामागून एक नमुने तयार केले. इंजिन मागे, आकार अगदी आटोपशीर, मध्यमवर्गीयाला परवडावी अशी किंमत, हा त्यामागचा विचार होता. तिचे व्यापारी उत्पादन कधीच झाले नाही.

मला यातून एक प्रश्न पडतो. धागाकर्ते म्हणतात त्याप्रमाणे भाग इथे बनवण्याची सक्ती झाली, पण आराखडा इथे बनवण्याची सक्ती किंवा उत्तेजन कधीच नव्हते. परवाना मिळण्यासाठी परदेशी सहकार्याचा करार हीच जणू पात्रता होती. इचलकरंजीसारख्या गावात यंत्रमागांमुळे लेथ, ओतकाम आणि दुरुस्तीचे कसब मुबलक होते. तिथल्या माणसाला एखाद्या संशोधन-अनुदानाचा, चाचणीच्या सोयीचा आधार मिळाला असता तर काय झाले असते, हे आज सांगता येत नाही. स्वस्त मोटारीचा विषय १९६० च्या एल. के. झा समितीपासून सरकारदरबारी होताच.

*

माझगाव डॉक

जीपविषयी कोणी लिहिले नाही. महिंद्रांची कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी निघाली, तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा असे बदलले. माझगावला विलिज जीपची जुळणी चाळीसच्या दशकाअखेर सुरू झाली आणि क्रमाने भाग इथे बनू लागले. जीपला सैन्य, वनखाते, पाटबंधारे, पंचायत समित्या असे सरकारी गिऱ्हाईक आयते मिळाले. मागणीची खात्री असल्यामुळे भाग इथे बनवण्यातली जोखीम कमी झाली, असे मला वाटते. टूलरूम यांनी सांगितलेली संख्येची अडचण जीपपुरती अशा रीतीने सौम्य झाली असावी. शिवाय जीपचे पत्रे सपाट असल्यामुळे त्यांना मोटारीसारख्या खोल डाय लागत नाहीत.

*

टूलरूम

माझगाव डॉक, सपाट पत्र्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे. जीपचे बॉनेट आणि बाजूचे पत्रे वाकवून, कापून होतात; फियाटच्या मडगार्डसारखा खोल गोलवा त्यांना नाही.

*

चाकोरी (धागाकर्ता)

पंचगंगाकाठ यांनी उपस्थित केलेला आराखड्याचा प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत अवघड वाटतो. परदेशी करारामुळे उत्पादन लवकर सुरू झाले हे खरे, आणि करारामुळेच आराखड्याचा विभाग काढण्याची गरज कोणाला वाटली नाही हेही खरे. प्रीमियर आणि हिंदुस्तान यांच्या कारागिरांनी मूळ गाड्यांत पुढील काळात बरेच फेरफार केले, पण ते दुरुस्तीच्या अंगाने. कोरा कागद समोर घेऊन मोटार काढण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

कुर्ल्याच्या कारखान्याबद्दल काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. कारखाना आता नाही, त्या जागेवर इमारती आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढे राहिले आहे. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले, म्हणजे डुक्कर फियाट रस्त्यावर येण्याआधीच. पुढची धुरा त्यांचे बंधू लालचंद हिराचंद यांच्याकडे गेली. विश्वेश्वरय्या मात्र १९६२ पर्यंत होते. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी टॅक्सीवर भरभरून लिहिले. त्यामागे १९३५ चा एक अभियंता आणि १९३९ ची एक अमेरिकावारी आहे, हे त्या लेखांत यायला हवे होते.

*

अर्थकारण

आराखड्याच्या प्रश्नावर एक वेगळे उदाहरण सुचवतो, कारण तिथे क्रम उलटा लावला गेला. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला दुसरा कारखाना काढायचे ठरवले, तेव्हा ट्रकच्या जुळणीपासून सुरुवात केली नाही. १९६६ च्या सुमारास आधी यंत्रे आणि डाय बनवणारा विभाग उभा केला आणि शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधली दहा-अकरा वर्षे कंपनी तिथे मुख्यतः हत्यारे आणि माणसे तयार करत होती. टूलरूम यांनी लिहिलेले निळे डाग पाहणारे फिटर मोठ्या संख्येने तिथे शिकले आणि पुढे भोसरी-चाकण पट्ट्यात अनेकांनी स्वतःचे छोटे कारखाने काढले. १९९८ साली टाटांनी इंडिका आणली, आणि तिच्या डाय याच पुण्यात बनल्या होत्या.